पोलीस अधिकारी, लावणी नाचणारा पुरुष आणि एक खून : अशी प्रेमकथा मराठीत कशी जमवावी?

सांजदिवा

मंडळी, इंग्रजीत गे रोमँटिक सस्पेन्सचं मोठं कपाट आहे आणि त्यात एक जोडी पुन्हा पुन्हा भेटते. एक जण रात्री बाईच्या वेशात स्टेज गाजवणारा ड्रॅग कलाकार. दुसरा त्याच्या जिवावर उठलेल्या माणसाचा माग काढणारा पोलीस. गेली काही वर्षं मी या कथा भरपूर वाचल्या. मी स्वतः गे आहे, त्यामुळे शेवटच्या पानावर दोघं जिवंत आणि एकत्र असणं मला फार मोलाचं वाटतं.

आता मला अशी कथा मराठीत लिहायची आहे. परदेशातला क्लब उचलून मुंबईत ठेवायचा नाही. माझा कलावंत बिनबायकांच्या लावणी पार्टीत नाचतो. दिवसा परळला एका झेरॉक्सच्या दुकानात काम, रात्री नऊवारी. त्याला धमकीच्या चिठ्ठ्या येतात, मग पार्टीच्या मॅनेजरचा खून होतो. तपास एका एपीआयकडे, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षकाकडे येतो आणि तपास करता करता दोघं गुंततात.

प्रश्न सरळ आहे. साक्षीदाराच्या प्रेमात पडलेला अधिकारी तपास करतच राहिला, तर मराठी वाचकाला पटेल का? आणि पटवायचं असेल तर काय सांभाळावं? शेवट सुखाचाच होणार, त्यावर चर्चा नको.

बटाटेवडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पहिला भाग कधी?

खाकीकाका

मी खात्यातून निवृत्त झालो आहे, कोणत्या घटकातून ते राहू द्या. विषय वाचून आधी जरा थबकलो, पण प्रश्न खरा आहे म्हणून लिहितो.

पटणार नाही. तपासी अधिकाऱ्याचा साक्षीदाराशी घरोबा आहे हे बाहेर आलं की बचावाचा वकील उलटतपासात पहिला हात तिथेच घालतो. जबाब पढवून घेतला म्हणणार, पंच मॅनेज केले म्हणणार. पुरावा कितीही पक्का असो, त्यावर डाग पडतो आणि खुनी सुटतो. तुमचा एपीआय हुशार असेल तर त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. तरीही तो तपास स्वतःकडेच ठेवत असेल, तर तो ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्याच न्यायाचं नुकसान करतोय. असल्या माणसाला नायक म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. सिनियर पीआयला (वरिष्ठ पोलीस निरीक्षकाला) कुणकुण लागली की तपास त्याच दिवशी काढून दुसऱ्याकडे देतात. मागून खातेनिहाय चौकशी लागू शकते, 'शासकीय कर्मचाऱ्याला अशोभनीय वर्तन' हे कलम कशालाही लावता येतं. बदली तर हातचीच. मुंबईतून गडचिरोली.

अजून एक. तुमचा एपीआय राहतो कुठे? पोलीस लाइनीत राहत असेल तर कथा तिथेच घडते. वरळी असो, नायगाव असो, लाइनीत कुणाच्या घरी कोण आलं, किती वाजता गेलं, हे सगळ्या मजल्याला माहीत असतं. पाणी सकाळी येतं, तेव्हा सगळे बाहेरच असतात. पस्तिशीचा अविवाहित एपीआय म्हणजे प्रत्येक वहिनीकडे एक स्थळ तयार. चाकूवाल्या खुन्यापेक्षा या प्रेमळ बायकांच्या नजरा चुकवणं त्याला जड जाईल.

वाचनवेडी

काकांचा प्रतिसाद वाचून दंडवत! पोलीस लाइनीतली ती सकाळ मला आत्ताच दिसायला लागली.

मी या प्रकारची पक्की वाचक आहे, लग्न झालेली, दोन मुलांची आई. (परदेशातही या कथांच्या वाचक आणि लेखिका बऱ्याच प्रमाणात बायकाच आहेत, म्हणून सांगितलं.) मला तपासाच्या नियमांपेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. बहुतेक कथांत पोलीस वाचवतो आणि कलाकार वाचवला जातो. एकाकडे पिस्तूल, बेड्या, गाडी, दुसऱ्याकडे फक्त लिपस्टिक आणि तिखट जीभ. जो माणूस मला आत टाकू शकतो त्याला मी 'नाही' म्हणू शकते का? हा प्रश्न ज्या कथेत कुणीच विचारत नाही, ती मी मधेच सोडते.

सांजदिवा, तुमच्या कलावंताला पहिल्या तीन प्रकरणांत एकदा तरी त्या एपीआयला साफ नकार देऊ द्या. आणि नकारानंतर एपीआय काय करतो यावरून मी ठरवेन, हा नायक आहे की नाही.

मोरपंखी

स्पष्ट बोलतो, राग नसावा. इथे सगळ्या वयाचे लोक वाचतात. मराठीत असले विषय कशाला? आपली परंपरा काय, आपण लिहितो काय.

टेंबलाईचा

@मोरपंखी, परंपरेचंच बोलू या की भावा. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. 'मानापमाना'तली भामिनी १९११ ची, 'एकच प्याला'तली सिंधू १९१९ ची. त्यांच्यासारखं लुगडं नेसायला, अंबाड्यात तशी फुलं माळायला घरंदाज बायका बघून शिकायच्या. पुरुषानं बाई होऊन उभं राहायचं आणि अख्ख्या महाराष्ट्रानं जीव टाकायचा, हे आपल्याकडं शंभर वर्षं जुनं आहे.

पण सांजदिवा, तुमाला दुसरी बाजू पण सांगतो. आमच्या कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या असा काही उभा केला की लोकांनी माणूस आणि भूमिका एकच करून टाकली. बायको-पोरं असलेला माणूस, पण लोकांच्या नजरा बदलल्या नाहीत आणि त्याचा त्रास घरच्यांनी सोसला. 'नटरंग' कादंबरीतल्या गुणाचं तरी काय झालं? पैलवान गडी, फडासाठी नाच्या झाला आणि त्याची किंमत त्याच्या शरीरानं चुकवली.

म्हणून सांगतो, बाईच्या वेशात नाचणारा प्रत्येक जण गे नसतोय. तुमच्या पार्टीत चौघं असतील तर चौघं चार तऱ्हेचे दाखवा. एखादा लग्न झालेला, पोटासाठी नाचणारा. एखादं, मनातनं आपण बाईच आहे असं वाटणारं. एखादा नुसता लावणीवेडा. आणि तुमचा हिरो. मग धमकीची चिठ्ठी आली की ती नेमकी कुणासाठी आलीय हाच सस्पेन्स होतोय. ग्रीनरूम एक, आरसा एक, चिठ्ठी आरशाला चिकटवलेली. नाव नाही.

सांजदिवा

@टेंबलाईचा, आरशावरची बिननावाची चिठ्ठी मी घेतली! त्यासाठी तुमचे किती आभार मानू.

@मोरपंखी, राग नाही. पंधरा-सोळा वर्षांचा असताना माझ्यासारखा माणूस शेवटी आनंदात आहे, असं एकही मराठी पुस्तक माझ्या हाती लागलं नव्हतं. १९८१ च्या 'मित्राची गोष्ट'मध्ये तेंडुलकरांनी केवढ्या धैर्याने विषय मांडला, पण मित्रा शेवटी जीव देते. 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची, अतिशय सुंदर, तीही विरहाचीच. मला त्या वयातल्या कुणासाठी तरी वेगळा शेवट लिहायचा आहे. एवढंच कारण.

मोरपंखी

कारण समजलं. वाचेन की नाही ते सांगत नाही, पण लिहा.

लंडनकर

पोलीस आणि ड्रॅग कलाकार यांच्या खऱ्या भेटीचा एक प्रसंग सांगतो, कारण वाचनवेडी यांनी विचारलेला प्रश्न तिथे स्वच्छ दिसतो.

दक्षिण लंडनमध्ये रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न नावाचा जुना पब आहे. जानेवारी १९८७ मध्ये तिथे पोलिसांची धाड पडली. स्टेजवर होती लिली सॅव्हेज, म्हणजे पॉल ओ'ग्रेडी, सोनेरी विग, उंच टाचा, नेहमीचा कार्यक्रम चालू. आत घुसलेल्या पोलिसांनी हातात रबरी मोजे घातलेले होते. एड्सच्या भीतीचा काळ, गे माणसाला नुसतं धरलं तरी आपल्याला रोग होईल अशी समजूत. लिलीने स्टेजवरूनच ते मोजे पाहून, भांडी घासायला मदतीचे हात आले वाटतं, अशा अर्थाचा टोला हाणला. लोक हसले. तिलाही पकडून नेलं. पुढे हाच माणूस ब्रिटिश टीव्हीचा घराघरातला लाडका चेहरा झाला, २०२३ मध्ये गेला तेव्हा देश हळहळला. तो पब आज संरक्षित वास्तू आहे, २०१५ पासून.

माझा मुद्दा असा. तुमच्या एपीआयने अशा एखाद्या धाडीत कधी भाग घेतला असेल का? हुकूम आला म्हणून गेला असेल, कुणाला तरी गाडीत कोंबलं असेल. तो नियमाने वागणारा सज्जन आहे असं दाखवून भागणार नाही. त्याच्या हातून घडलेलं काहीतरी दोघांच्या मधे असायला हवं आणि ते उघड कधी होतं, तो क्षण खुनी सापडण्याच्या क्षणापेक्षा मोठा असेल.

जर्सीसिटी

लंडनकरांना अनुमोदन. आमच्या इथलं स्टोनवॉल, म्हणजे न्यूयॉर्कच्या गे बारवरची धाड आणि तिच्याविरुद्धचा उठाव, सगळ्यांना माहीत आहे, २८ जून १९६९ ची पहाट, ग्रीनिच व्हिलेज. बार माफियाचा होता, पोलिसांना हप्ता जायचा आणि तरीही धाडी पडायच्या. बाईच्या वेशातल्या पुरुषांना वेगळं काढून तपासायचे. ती धाड घालणारे अधिकारी सीमोर पाइन यांनी २००४ मध्ये, म्हातारपणी, जाहीर माफी मागितली. न्यूयॉर्क पोलीस दलाच्या आयुक्तांनी खात्याच्या वतीने माफी मागायला २०१९ उजाडलं.

पण मला पोलिसाच्या बाजूचा एक प्रसंग जास्त आवडतो. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेत समान हक्कांच्या विधेयकावर सुनावणी चालू होती. पोलीस संघटनेच्या पदाधिकाऱ्याने उठून सांगितलं की आमच्या दलात कुणी समलिंगी असल्याचं मला ठाऊक नाही. त्याच सुनावणीत चार्ल्स कॉक्रेन नावाचा सार्जंट उभा राहिला आणि म्हणाला की मला पोलीस असल्याचा अभिमान आहे आणि गे असल्याचाही तेवढाच. दुसऱ्या वर्षी, १९८२ मध्ये, त्याने गे पोलिसांची संघटना काढली.

कल्पना करा, सभागृहात मागे त्याचे सहकारी बसलेत. दुसऱ्या दिवशी त्याला ड्युटीवर जायचंय. सांजदिवा, बंदुकीची एकही गोळी न झाडता सस्पेन्स इथे आहे.

बटाटेवडा

एक शंका. गणपतीत पोलिसांच्या रजा बंद, निवडणुकीत बंद, ३१ डिसेंबरला बंद. प्रेमाला वेळ कधी मिळणार? पुस्तकातला सगळ्यात न उलगडणारा प्रश्न हाच.

खाकीकाका

@बटाटेवडा, बरोबर पकडलंत. नाकाबंदीच्या पॉइंटवर पहाटे तीन वाजता मिळतो वेळ. थर्मासातला चहा आणि रिकामा रस्ता. तिथेच भेटवा त्यांना.

घुंगरू

इतके दिवस नुसती वाचनमात्र होते/होतो, आज लिहितो. मी पुरुष आहे आणि लावणी करतो. नाव-गाव विचारू नका.

सांजदिवा, तुमचा कलावंत झेरॉक्सच्या दुकानात बसतो म्हणालात. दिवसाच्या माणसात रात्रीचं काय उरतं ते लिहा. काजळ कितीही खोबरेल तेलाने पुसलं तरी पापण्यांच्या मुळाशी राहतं, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक डोळ्यांकडे दोनदा बघतं. गंगावन पिनांनी घट्ट बसवलेलं असतं, त्याने कानामागे दुखतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. भुवया साबण लावून आडव्या बसवायच्या आणि वर पॅनकेक, म्हणजे नवी भुवई वरती कोरता येते. छातीला भरण आणि त्यावर चोळी, घामाने ते इतकं जड होतं की तिसऱ्या लावणीला श्वास पुरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे पाय. दोन्ही पायांचे चाळ मिळून पाच किलोच्या आसपास भरतात. वर्षानुवर्षं बांधून घोट्याच्या वर घट्टे पडतात, तिथली कातडी काळी आणि जाड होते, केसही येत नाहीत. पँट घातली, बूट घातले, मिशी वाढवली तरी ते घट्टे जात नाहीत. तुमच्या पोलिसाला तोंड ओळखता येणार नाही, कारण मेकअपमध्ये आम्ही घरच्यांनाही ओळखू येत नाही. घोटे मात्र ओळखता येतील.

आणि एक विनंती. आमचा माणूस फक्त रडणारा दाखवू नका. स्टेजवर पाय टाकल्यावर समोरचे हजार लोक माझ्या एका भुवईवर थांबतात. त्या वेळी माझ्याइतका ताकदवान माणूस त्या मंडपात दुसरा नसतो, बंदोबस्ताला उभा असलेला साहेबसुद्धा नाही. वाचनवेडीताई, तुम्ही ताकदीचं म्हणालात ना, ती अशी असते.

वाचनवेडी

@घुंगरू, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. माझं म्हणणं सुधारून घेते असं नाही, पण त्यात तुमचं जोडते: रात्री मंडपात ताकद त्याची, सकाळी पोलीस ठाण्यात दुसऱ्याची. कथा या दोन जागांच्या मधे ये-जा करू दे.

ऋतुगंध

घोट्यांचे घट्टे!!! खुनी पण पार्टीतलाच जुना नाच्या असेल तर? सोडून गेलेला. साक्षीदार सांगतो की चेहरा दिसला नाही, पायऱ्या चढताना फक्त पाय दिसले.

टेंबलाईचा

ऋतुगंध, गप बसा की, रहस्य फोडलं सगळं :)

वकीलसाहिबा

उशिरा येतेय, पण धाग्यात एक गोष्ट अजून कुणीच विचारली नाही. कथा कोणत्या साली घडते?

हे ठरल्याशिवाय पुढे जाऊच नका. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा प्रवास बघा. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्दबातल केलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला घटनापीठाने पुन्हा मोकळीक दिली. २०१३ ते २०१८ ही मधली पावणेपाच वर्षं विचित्र होती. २००९ नंतर धीर करून घरी सांगितलेले, मित्रांमध्ये उघड झालेले लोक एका बुधवारी सकाळी पुन्हा गुन्हेगार ठरले. कुणाकुणाला माहीत आहे ते परत घेता येत नव्हतं. ब्लॅकमेल करणाऱ्याला याहून सोयीचा काळ नाही.

म्हणून माझी सूचना २०१४. जुनी दंडसंहिता, जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, सगळं त्याप्रमाणे.

आता यातला खरा पेच. त्याच दंडसंहितेत ३८८ आणि ३८९ ही कलमं होती. एखाद्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप करण्याची भीती घालून खंडणी उकळली तर शिक्षा. आणि तो आरोप ३७७ चा असेल तर खंडणीखोराला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना १८६० मध्येच माहीत होतं की या कलमाच्या आडून लोक लुटले जाणार. त्यांनी लुटारूसाठी जन्मठेप ठेवली. पण तक्रार करायला ठाण्यात गेलेल्या माणसाला आधी काय सांगावं लागणार? मला कशाची भीती घातली ते. ते सांगितलं की तोच ३७७ च्या तोंडी.

तुमचा कलावंत ठाण्याच्या पायरीपर्यंत येऊन परत का जातो, याचं उत्तर इथे आहे. भित्रा म्हणून तो परत जात नाही. त्याला कायदा नीट कळलेला असतो.

सांजदिवा

वकीलसाहिबा, माझ्या वहीत कथा २०२३ ची होती. २०१४ म्हटल्याबरोबर सगळी माणसं जागेवरून उठून उभी राहिली. खंडणीचं कारण, मॅनेजर का मेला, कलावंत गप्प का, सगळं एका वर्षाने जुळलं. ३८८-८९ मला अजिबात माहीत नव्हतं.

खाकीकाका

२०१४ म्हणत असाल तर एप्रिल घ्या. लोकसभेची निवडणूक होती. पुणे जिल्ह्यात मतदान १७ एप्रिलला, मुंबईत २४ ला. पाडवा ३१ मार्चला झालेला, म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू. तुमची पार्टी मुंबईची असली तरी कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेऊन पुणे-नगरकडे फिरणारच. आणि रस्त्यात प्रत्येक नाक्यावर आचारसंहितेची तपासणी. पन्नास हजारांच्या वर रोकड गाडीत सापडली आणि कागद नसले की जप्ती.

आता बघा. पहाटे जत्रा उरकून येणारा टेम्पो. आमचा एपीआय मुंबईचा नको, त्याला पुणे ग्रामीणला टाका. तो ट्रंका उघडायला लावतो. एका ट्रंकेत नऊवारी साड्या, चाळ, गंगावनं. दुसरीत रोकड, सुपारीच्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त. मॅनेजर घाम पुसतोय. कलावंत अजून अर्ध्या मेकअपमध्ये, अंगात टी-शर्ट. पंचनामा तिथेच रस्त्यावर, टॉर्चच्या उजेडात, एपीआय प्रत्येक वस्तू मोजून लिहितोय. 'चाळ, एक जोड.' दोन दिवसांनी मॅनेजर मरतो आणि एपीआयच्या लक्षात येतं की ते पैसे खंडणीचे होते. कुणीतरी आधीच भरले होते, कुणासाठी तरी.

टेंबलाईचा

काका, तुम्हीच लिहा की कादंबरी! आणि रात्री दहाचा नियम विसरू नका. जत्रेत माणसं खच्चून भरल्याली, वगाला रंग चढलेला आणि हवालदार घड्याळ दाखवत स्टेजजवळ येतोय. तमाशावाल्यांची या वेळेवरनं किती वर्षांची ओरड आहे. फडांच्या सुपाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांत ठरतात, एखादं प्रकरण तिथं घडवा. पाडव्याच्या आगेमागे गावचे पुढारी येऊन घासाघीस करतात ते बघण्यासारखं असतंय.

ऋतुगंध

अवांतर: मुंबईत ड्रॅगचे कार्यक्रम पंचतारांकित हॉटेलच्या क्लबातही होतात, विमानतळाजवळ. लावणी पार्टीतला मुलगा आणि तिथला कलाकार यांची एक भेट ठेवा ना. एकाच्या विगची किंमत दुसऱ्याच्या महिन्याच्या कमाईएवढी, पण दोघांची भुवई बसवायची पद्धत सारखी. (घुंगरूंनी सांगितलेली.)

वकीलसाहिबा

@ऋतुगंध, २०१४ मध्ये ते नव्हतं त्या स्वरूपात. शेवटच्या प्रकरणात, २०१८ नंतर, चालेल. जाता जाता, त्या 'द ललित' हॉटेल समूहाचे केशव सुरी हे ३७७ विरुद्धच्या याचिकाकर्त्यांपैकी एक होते, तेव्हा संदर्भ अगदी ओढूनताणून होणार नाही.

जर्सीसिटी

काका, एक विचारू? २०१४ चा आपल्याकडचा गे अधिकारी कुणाशी तरी बोलला असता का? एखादा बॅचमेट?

खाकीकाका

प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या हाताखाली एक मुलगा होता. उत्तम काम. लग्नाचा विषय निघाला की रात्रपाळी मागून घ्यायचा. मला अंदाज होता. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याच्या रात्रपाळ्या मात्र मी कधी नाकारल्या नाहीत. खात्यात आम्ही एकमेकांसाठी एवढंच करू शकत होतो. तुमच्या कथेत असा एक सिनियर हवा असेल तर ठेवा. न बोलणारा.

आता काळ हलतोय. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पोलिसांच्या संवेदनशीलतेबाबत निर्देश दिले आणि तामिळनाडूने २०२२ मध्ये पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच घातलं की एलजीबीटी व्यक्तींना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. असं आपल्याकडेही लेखी असावं, असं मला मनापासून वाटतं. तोंडी सूचनेवर खातं चालत नाही.

घुंगरू

काका, तुमचा हा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. आमच्या वाट्याला आलेले सगळेच साहेब असे नव्हते.

मोरपंखी

वाचतोय अजून. काकांचा सिनियर कथेत घ्या.

सांजदिवा

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आता माझं ठरलंय.

एपीआय खुनाचा तपास करणार नाही. नाकाबंदीचा पंचनामा त्याचा, त्यामुळे तो या खटल्यात साक्षीदार होतो. मॅनेजरचा खून दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, तपास एका महिला पीआयकडे, कामाला चोख, कुणाची भीड न ठेवणारी. एपीआयला कलावंताला वाचवायचं असेल तर वर्दीचा उपयोग नाही, त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून खरं बोलावं लागेल. आणि खरं बोलायचं म्हणजे त्या पहाटेनंतर ते दोघं किती वेळा भेटले, कुठे भेटले, हेही उलटतपासात येणार. २०१४ मध्ये. लंडनकर, धाडीचा मुद्दा घेतलाय: एपीआयने प्रोबेशनमध्ये असताना एका बागेत पकडलेल्या मुलांपैकी एक जण याच पार्टीत आहे आणि त्याने एपीआयला पहिल्याच भेटीत ओळखलंय. वाचनवेडी, नकार दुसऱ्या प्रकरणात आहे. एपीआय जीप वळवून निघून जातो आणि पुन्हा स्वतःहून येत नाही. नंतर येतो तो कलावंत.

शेवट ६ सप्टेंबर २०१८, गुरुवार. दोघं एकत्र, कुठे ते अजून ठरत नाही.

आता वकीलसाहिबांना एक अडलेला प्रश्न. कलावंत पोलिसांपुढे जबाब देतो तेव्हा त्यावर त्याची सही घेतात का? पीआयने त्यातलं एक वाक्य बदललं, तर त्याला नंतर ते नाकारता येईल का? माझं सातवं प्रकरण याच्यावर उभं आहे.

वकीलसाहिबा

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खालच्या पोलीस जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे. घेतली असेल तर बचाव पक्ष त्यावर बोट ठेवणार. कोर्टात तो जबाब पुरावा म्हणून वाचता येत नाही, फक्त साक्षीदार वेगळं बोलला तर विसंगती दाखवायला वापरतात. त्यामुळे तुमचा कलावंत 'मी असं म्हणालोच नव्हतो' असं शपथेवर म्हणू शकतो. ते वाक्य खरंच बदललं होतं का, हे मग पीआयच्या उलटतपासात निघेल.

पण तिला जर आधीच शंका असेल की हा फिरेल, तर ती त्याला १६४ खाली मॅजिस्ट्रेटपुढे नेईल. तिथे पोलीस बाहेर थांबतात, साक्षीदाराला शपथ देतात, लिहिलेलं वाचून दाखवतात आणि सही घेतात. म्हणजे खोलीत फक्त मॅजिस्ट्रेट आणि तुमचा कलावंत. तिथे तो एपीआयचं नाव घेतो की नाही, ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर सातवं प्रकरण त्या खोलीत हलवा.

बटाटेवडा

आणि एपीआय बाहेर बाकावर! घ्या, आता तरी पहिला भाग टाका. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सांजदिवा

@बटाटेवडा, नाकाबंदीचं प्रकरण लिहून झालं की इथेच टाकतो. @घुंगरू, टाकण्याआधी मेकअपचा आणि चाळांचा भाग तुम्हाला खासगी निरोपातून पाठवतो, चुकलं असेल तिथे खाडाखोड करा.

घुंगरू

पाठवा. ट्रंकेत चाळ ठेवताना कापडात गुंडाळलेले दाखवा, सुटे नाही. टेम्पो हलला की वाजतात.